पथ्य सांगण्यापूर्वी : नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील अन्न आणि आपली चिकित्सा

आयुर्वेदीय चिकित्सेत पथ्याचे स्थान औषधाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच आहे, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. निदान झाले, कल्प ठरले, की आपला हात आपोआप पथ्यापथ्याच्या चिठ्ठीकडे जातो. परंतु ती चिठ्ठी रुग्णाच्या घरी पोहोचल्यावर तिचे तेथे काय होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आम्हीही तो पुष्कळ वर्षे विचारला नव्हता. एका रुग्णेने तो आम्हांस विचारावयास लावला. त्या निमित्ताने जे पाहिले आणि पुन्हा वाचले, ते व्यवसायबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आमचा दवाखाना नाशिक शहरात पेठ रस्त्याच्या बाजूस आहे. सावळघाट ओलांडून पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून येणारे रुग्ण आमच्याकडे बरेच असतात. काही वर्षांपूर्वी आषाढाच्या सुरुवातीस तिशीतील एक स्त्री अम्लपित्ताची लक्षणे घेऊन आली. उरोदाह, शिरःशूल, आंबट ढेकर, अन्नावर वासना नाही. आम्ही नेहमीचे कल्प दिले आणि छापील चिठ्ठी हाती ठेवली. उडीद, वांगे, सुकट, मिरची, आंबवलेले पदार्थ वर्ज्य. दूध, तूप, मूग, जुना तांदूळ, डाळिंब हितकर. तिला वाचता येत नव्हते म्हणून चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. आपण आपले काम चोख केले, अशीच आमची समजूत होती.

भाद्रपद उतरता उतरता ती परत आली. जळजळ कमी होती, पण नखे व नेत्र पांढुरके, चार पायऱ्या चढून धाप, पायांवर सूज. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन सातच्या खाली आले. आम्ही विचारले, "ताई, खाण्यापिण्याचे काय चालले आहे?" ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही बंद सांगितलं ते समदं बंद केलं." "आणि घ्या म्हणून सांगितले ते?" ती किंचित हसली. "दूध चहापुरतं बी नाय. भात खाते, मीठ-पाणी घालून. रानभाजी असली तर भाजी."

तिला त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात पाठवावे लागले व तेथे भरती करून घेतले गेले. पुढे ती सावरली. परंतु तिच्या त्या उत्तराने आमच्या चिकित्सेतील एक दोष आमच्यापुढे उघडा पडला. चिठ्ठीच्या दोन बाजू असतात. 'हे खाऊ नका' ही बाजू पाळण्यास पैसा लागत नाही; 'हे खा' ही बाजू विकत आणावी लागते. श्रद्धाळू आणि गरीब रुग्ण पहिली बाजू निष्ठेने पाळतो, दुसरी त्याच्या आवाक्याबाहेर राहते. परिणामी आपण पथ्य वाढवीत नाही, ताट तेवढे लहान करतो. त्या स्त्रीच्या घरात पावसाळ्यातील चार महिन्यांत बल देणारे दोनच पदार्थ होते, उडीद आणि सुकट. ते दोन्ही आम्ही काढून घेतले होते.

खावटीचे महिने

पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके, तसेच दिंडोरी, इगतपुरी, बागलाण व त्र्यंबकेश्वर यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल अशा जमातींची ही वस्ती. पाऊस भरपूर, पण उतारावरून सारा पश्चिमेकडे वाहून जातो. चैत्र-वैशाखात याच गावांना पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. शेती बहुतांशी एका पावसाची. उतारावर नागली व वरई, खाचरात भात, जोडीला उडीद, कुळीथ आणि तेलासाठी खुरासणी.

हे धान्य आश्विन-कार्तिकात घरात येते. माघ-फाल्गुनापर्यंत ते बरे पुरते, मग कणगी रिकामी होऊ लागते. आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे सर्वांत कठीण महिने. जुने संपलेले, नवे शेतात उभे, आणि लावणीचे कष्ट मात्र याच दिवसांत कंबर मोडणारे. या काळातील उपजीविकेसाठी घेतलेल्या धान्याला वा उचलीला 'खावटी' असा खास शब्दच रूढ आहे. शासनानेही तो स्वीकारला. नाशिक येथे मुख्यालय असलेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत १९७८ पासून खावटी कर्ज दिले जात असे. पुढे ते थांबले. कोरोनाच्या संकटानंतर २०२० मध्ये शासनाने प्रति कुटुंब चार हजार रुपयांचे खावटी अनुदान एका वर्षापुरते मंजूर केले, त्यातील निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने.

ज्या समाजाच्या बोलीत उपासमारीच्या ऋतूला स्वतंत्र शब्द आहे, तेथील रुग्णाला पौषात आणि श्रावणात एकच पथ्य सांगणे योग्य ठरत नाही. आपण ऋतुचर्या सांगतो ती दोषांच्या चय-प्रकोप-प्रशमाची. येथे तिला कणगीची ऋतुचर्याही जोडावी लागते. वर्षा ऋतूत अग्नी मंद आणि बल क्षीण असते हे शास्त्र सांगते. त्याच वेळी घरातील अन्नही क्षीण असते, हे त्या गावी गेल्यावाचून समजत नाही.

या महिन्यांत रान काहीसे हात देते. टाकळा, कुरडू, कोळू, भारंगी, करटोली, चाई, शेवळे यांची भाजी होते. ओढ्यातील खेकडे आणि लहान मासे मिळतात. आठवडे बाजारातून आणलेली सुकट-बोंबील जपून वापरली जाते. या स्वयंपाकात संस्काराचे जे ज्ञान आहे ते आपण कौतुकाने पाहावे असे आहे. शेवळे खाजरे असते, म्हणून ते काकडाच्या आंबट फळाबरोबर शिजवतात. कडूकंद राखेबरोबर उकडून वाहत्या पाण्यात पुनःपुन्हा धुतात आणि मगच खातात. द्रव्याचा दोष संस्काराने व संयोगाने कसा जातो, हे आपण वर्गात शिकतो. येथील आजीबाई ते चुलीपाशी करून दाखवतात.

ताटातील पालट

मागील पिढीच्या ताटात नागलीची भाकरी, उडदाची डाळ, रानभाजी, ठेचा आणि सकाळी आंबील वा पेज असे. आज त्या ताटात भात मुख्य झाला आहे. याची कारणे साधी आहेत. नागलीचे राब भाजणे, रोप तयार करणे, उतारावर लावणी, कापणी, मळणी, दळण हे सारे कष्टाचे काम. तरणी माणसे मजुरीला गेल्यावर ते करणार कोण? शिवाय रास्त भाव दुकानातून तांदूळ व गहू मिळतात.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यानुसार अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. या धान्याने खावटीच्या महिन्यांतील टोकाची उपासमार पुष्कळ आटोक्यात आणली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शहरात बसून 'रेशनच्या तांदळाने आहार बिघडवला' असे म्हणणे सोपे आहे. ज्याने रिकामी कणगी पाहिली आहे तो तसे म्हणणार नाही. तथापि हिशेब करून पाहावा. दरमहा ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी सुमारे १६५ ग्रॅम. दिवसभर चिखलात राबणाऱ्या प्रौढाची भूक त्यावर भागत नाही. आणि कायद्याने दिलेले आहे ते धान्य. डाळ, तेल, भाजी ज्याची त्याने पाहावी. पोट बऱ्याच अंशी भरते, पण रस-रक्त-मांसादी धातूंना लागणारे सारे त्यातून मिळत नाही.

आधुनिक विश्लेषण पाहिले तर शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे भाकरीच्या जागी भात आला तेव्हा केवळ चव बदलली नाही. याच काळात शहरात मात्र नागलीला मान आला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. नाशिकच्या दुकानांत नागलीची बिस्किटे, पापड, सत्त्व यांची रेलचेल झाली. आणि घाटाखालचा शेतकरी घरची नागली विकून मीठ-मिरची, औषध, मुलांची फी यांची सोय लावतो व स्वतः भात खातो, असे आम्ही अनेक घरांत पाहिले.

आणखी एक पालट चहाचा. आंबिलीची जागा कोऱ्या गोड चहाने घेतली आहे. सकाळी तो अनशेपोटी, दुपारी भूक मारण्यासाठी आणि सोबत पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. लहान मुलांचीही न्याहारी पुष्कळदा हीच. चहातील कषाय द्रव्ये अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात, हे आज सर्वमान्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५-१६) ४८ टक्के होते, ते पाचव्या फेरीत (२०१९-२१) ५४ टक्क्यांवर गेले. राज्याचा सरासरी आकडा असा असताना डोंगरी पाड्यावरून आलेल्या प्रत्येक स्त्रीकडे पाहताना पांडूचा विचार प्रथम मनात आला पाहिजे.

द्राक्षबागांतील दिवस

भात कापणी झाली, दिवाळी उलटली, की टोळ्या घाटमाथ्यावर येतात. दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यांतील द्राक्षबागांत छाटणीनंतरची कामे, विरळणी आणि पुढे काढणी असे काम होळीच्याही पुढेपर्यंत चालते. गिरणारे येथे पहाटे भरणारा मजुरांचा बाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. काही कुटुंबे शेतावरच पाल ठोकून राहतात.

त्यांचा आहारकाल आम्ही विचारून घेतला. पहाटे चारला उठून भात व पातळ कालवण, ते डब्यात भरून सकाळी अकराच्या सुमारास पहिले जेवण. दुपारी चहा. रात्री आठनंतर चूल पेटते, नऊ-दहाला दुसरे जेवण आणि लगेच निद्रा. ज्याला आपण विषमाशन म्हणतो त्याचे हे उदाहरण आहे, पण ते रुग्णाच्या जिव्हालौल्यातून आलेले नाही. मालकाच्या वेळापत्रकातून आलेले आहे. 'वेळेवर जेवा' असा उपदेश अशा रुग्णाला केल्यास तो मान डोलावतो आणि जातो. यापेक्षा रात्रीच्या भाताचा एक वाटा सकाळी कामावर जाण्यापूर्वी पेज करून घ्यावा, चहा त्यानंतर, इतकेच सांगितले तर ते होऊ शकते. हा बदल आम्ही अनेकांना सांगितला आणि बऱ्याच जणांनी तो टिकवला.

शास्त्राचे म्हणणे

या अनुभवानंतर आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले, तेव्हा तीन गोष्टी नव्याने लक्षात आल्या.

पहिली गोष्ट आहारविधिविशेषायतनांची. चरकाचार्यांनी विमानस्थानात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ आयतने सांगितली. आपण रुग्णाला उपदेश करतो तो बहुधा पहिल्याच आयतनावरून, म्हणजे द्रव्याच्या स्वाभाविक गुणावरून. उडीद गुरू, उष्ण, पित्तकफकर, म्हणून अम्लपित्तात वर्ज्य, हा निष्कर्ष चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोद्रव, श्यामाक यांसारखी तृणधान्ये लघू, कषाय-मधुर, कफपित्तघ्न, परंतु वातकर व शोषण करणारी म्हणून वर्णिलेली आहेत. अशा धान्यावर राहणाऱ्या, श्रम करणाऱ्या माणसाने जोडीला स्निग्ध, बल्य, वातहर असा माष घ्यावा, हा संयोग त्या देशातील लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळला. आम्ही संयोग न पाहता एकच द्रव्य उचलून बाजूला केले.

दुसरी गोष्ट पादांशिक क्रमाची. अहितकर अन्नाचा सात्म्य झालेला अभ्यास एकदम तोडू नये, चतुर्थांशाने सोडावा, हे आपण सांगतो. पण सूत्रस्थानातील मूळ विधानात सोडण्याबरोबर हिताचे सेवनही त्याच क्रमाने सांगितले आहे. एक पाद काढावा, त्या जागी एक पाद घालावा. म्हणजे ताट कोणत्याही दिवशी रिकामे होता कामा नये. आपण या क्रमाचा पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्ध रुग्णावर सोपवला.

तिसरी गोष्ट अभाववर्गाची, आणि ती औषधनिर्मात्यांच्या विशेष परिचयाची आहे. अष्टवर्गातील द्रव्ये मिळत नाहीत म्हणून मेदा-महामेदेऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद घेऊन आपण च्यवनप्राश सिद्ध करतो. त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. त्याच प्रकरणात भावमिश्रांनी मध नसल्यास जुना गूळ आणि दूध नसल्यास मुगाचा किंवा मसुराचा रस घ्यावा असे सांगितले आहे. म्हणजे 'रुग्णाच्या घरी दूध नाही' ही अडचण ग्रंथकारांना पूर्वीच दिसली होती. कारखान्यासाठी प्रतिनिधी द्रव्ये आपण पाठ केली. रुग्णाच्या स्वयंपाकघरासाठी ती वापरावयाचे राहून गेले.

आचरणात काय आणावे

गेली काही वर्षे आम्ही आमच्या दवाखान्यात जे पाळतो, ते संक्षेपाने देत आहोत.

१. पथ्य सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आज घरात खाण्यासाठी काय आहे? काल दिवसभरात काय खाल्ले? घरचे धान्य कोणत्या महिन्यापर्यंत पुरते? या तीन प्रश्नांना दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. उत्तरे केसपेपरवर लिहून ठेवावीत.

२. एक पदार्थ बंद करावयाचा असेल तर त्या जागी घरात उपलब्ध असलेला दुसरा पदार्थ त्याच वेळी सांगावा. तो सांगता येत नसेल तर बंद करू नये. मात्रा आणि संस्कार बदलावेत. वरील रुग्णेला उडीद बंद करण्याऐवजी अर्ध्यावर आणून, मिरची कमी करून, पातळ डाळ दिवसा घेण्यास सांगता आले असते. कोरा चहा व मिरची हेच तिचे खरे अपथ्य होते, आणि ते कमी करण्यास पैसा लागत नव्हता.

३. अनुपान घरातले निवडावे. तूप-मध-दूध यांचा आग्रह धरू नये. पुनर्नवामंडूर ताकाबरोबर सांगितला आणि घरी ताक नसले, तर औषध चहाबरोबर जाते, हे आम्ही पाहिले आहे. अशा वेळी कोमट पाणी स्पष्टपणे सांगावे आणि लोहकल्प व चहा यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावयास सांगावे.

४. हिमोग्लोबिनची तपासणी टाळू नये. तीव्र पांडू, गर्भिणी, सूतिका आणि वजन न वाढणारी बालके यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात विनाविलंब पाठवावे. तेथून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या आपल्या औषधासाठी बंद करावयास सांगू नयेत.

५. शासकीय योजनांची माहिती हा पथ्योपदेशाचाच भाग समजावा. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीमार्फत गर्भिणी व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण, आणि बालकांना अंडी वा केळी दिली जातात. शिधापत्रिकेचे धान्य स्थलांतराच्या गावीही घेता येते. या सोयीची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांपासून झाली त्यांत महाराष्ट्र होता. तरीही पालावर राहणारी अनेक कुटुंबे 'आमचे दुकान गावाकडे आहे' म्हणून बागेजवळच्या किराणा दुकानातून तांदूळ विकत घेतात. आपले एक वाक्य त्यांचे महिन्याचे पैसे वाचवू शकते, आणि त्या पैशांत डाळ येऊ शकते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनाही एक विनंती आहे. दुर्बलतेची तक्रार घेऊन थेट काउंटरवर येणारा ग्राहक आपल्याकडे टॉनिकची बाटली मागतो. ती त्याच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीइतकी असते. तेवढ्या पैशांत घरात किती दिवसांची डाळ, शेंगदाणे, अंडी किंवा सुकट येईल, हे त्याला सांगावे. विक्री एका बाटलीने कमी होईल हे खरे. परंतु बृंहण चिकित्सेचा पाया आहार आहे, आणि रिकाम्या पोटी घेतलेले बल्य औषध कोणत्याही कंपनीचे असले तरी गुण देत नाही. गुण न आल्याचा बोल शेवटी आयुर्वेदावरच येतो. शक्य तेथे नागलीचे साधे पीठ, जुना गूळ, मसूर व मूग आपल्या दुकानात रास्त दरात ठेवता आले तर फारच उत्तम.

आमची ती छापील चिठ्ठी आता आम्ही वापरत नाही. कोरा कागद ठेवतो. त्यावर डाव्या बाजूस रुग्णाच्या घरात काय आहे ते लिहितो आणि उजव्या बाजूस त्यातूनच पथ्य. डावी बाजू रिकामी असेल तर उजवीकडे काही लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आम्ही मानतो. तेथे प्रथम रेशन दुकानाचा, अंगणवाडीचा किंवा रुग्णालयाचा रस्ता लिहावा लागतो.

ती रुग्णा अजूनही वर्षातून एकदा, बहुधा द्राक्षकाढणीच्या दिवसांत, दवाखान्यात डोकावते. मागच्या खेपेस तिने येताना कापडात बांधून नागलीचे पीठ आणले होते. "घरचंच हाय," म्हणाली. आम्ही विचारले, "घरात ठेवलेत की सगळे विकले?" तिने दोन पायली ठेवल्याचे सांगितले. आम्ही ते तिच्या कागदाच्या डाव्या बाजूस लिहून घेतले.